आत फिल्म आहे ना?

तोफरावांना स्वतःची पाठ पहिल्यांदा दिसली ती वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, तीही भर थिएटरात, चारशे माणसांच्या सोबतीनं. पडद्यावर दोन खांदे आले, मानेवरची वळी आली, आणि शेजारी बसलेली बायको म्हणाली, "अहो, हे तुम्हीच की!" अकरा दिवस स्टुडिओत छाती पिटून काम केलं होतं. त्यातून उरलं एवढंच. पाठ, आणि दाराची कडी लावणारा एक हात.

ज्या माणसानं तीस वर्षं रंगभूमीवर प्रेक्षकांना कधी पाठ दाखवली नाही, त्याची ही गत! ते मरायचे तेसुद्धा लोकांकडे तोंड करून. तोफराव हे नाव नाटकवाल्यांनीच ठेवलेलं. त्यांनी पहिलं वाक्य टाकलं की शेवटच्या रांगेत पेंगणारा माणूस दचकून चप्पल शोधायला लागायचा. बायको त्याच कंपनीत विंगेत बसून वाक्यं पुरवायची. "आमचा संसार म्हणजे काय," ती सांगायची, "यांनी विसरायचं आणि मी आठवण करून द्यायची. टाळ्या मात्र यांना."

मग घसा बसला. बसला तो उठलाच नाही. डॉक्टरांनी आत आरसा घालून पाहिलं आणि नुसती मान हलवली. नाटक सुटलं. आणि नाटक सुटल्यावर मागे काय राहतं? रंगवलेले पडदे राहतात, खोट्या दाढ्या राहतात, माणूस काही राहत नाही. मूकपटाला आवाज नको होता, आणि तिथे चेहरा डब्यात बंद होऊन टिकत होता. आपण होतो याचा एक पुरावा तरी मागे राहावा, एवढ्यासाठी तोफराव तिकडे गेले. आणि पुरावा म्हणून मिळाली पाठ.

संशय हा तसा त्यांचा बालमित्रच. टाळ्या कमी पडल्या की खलनायकानं माणसं फोडली, बायकोला बाजारातून यायला उशीर झाला की शेजारणीनं कान भरले. पण आता त्या संशयाला खुराक मिळाला. तो दिला मेकअपवाल्यानं.

"एक सांगू, तोफराव?" ओठावर मिशी चिकटवता चिकटवता तो कुजबुजला. "माझं नाव घेऊ नका."

"नाही घेत. बोल."

"नाटकवाल्यांसाठी हे लोक रिकामा कॅमेरा फिरवतात. तुम्ही पहिल्या खेपेला फार हातवारे करता ना? मग फिल्म कशाला नासवायची! कॅमेऱ्याचा दांडा फिरवायचा नुसता. तुमची वाफ गेली की मग आत फिल्म घालायची. कधी घालतात, कधी राहून जातं."

"माझ्याबरोबर असं किती वेळा केलं?"

"ते मला काय ठाऊक! बोलू नका, मिशी वाकडी बसेल. आणि हे बघा, पुढच्या चित्रात पण चेहरा दिसला नाही ना, तर तुम्हाला परत बोलवायचं नाही असं साहेबांचं चाललंय."

तोफरावांची झोप उडाली. फिल्म आहे की नाही हे ओळखायचं कसं? कॅमेऱ्यावर काळं फडकं, आणि कॅमेरावाला तोंडात टाचण्या धरल्यासारखा गप्प. उपाय सुचला तो घरातच. बायको आता कंपनीचे झगे शिवायची. कापड असलं की शिलाईमशीनचा आवाज जाड यायचा, नसलं की कोरडा, खडखडीत. कॅमेऱ्याचंही तसंच असणार!

"मी भिंतीकडे तोंड करतो," ते म्हणाले. "तू कधी कापड घालून चालव, कधी न घालता. मी ओळखतो."

"आणि हा झगा पुरा कोण करणार? भिंत?"

"चालव गं."

दहापैकी नऊ वेळा बरोबर आलं. दहाव्या वेळी ते म्हणाले, "कापड होतं."

"नव्हतं."

"तू मधेच काढलंस."

"अहो, माझ्या हातावर तरी विश्वास ठेवा!"

ठेवला नाही.

पुढच्या चित्रात त्यांना म्हाताऱ्या बापाचं काम होतं. मुलगा कायमचा घर सोडून जातो, बाप खुर्चीत बसून राहतो, एवढंच. काचेच्या छपराखाली ऊन झगझगत होतं. दिग्दर्शक, तोफरावांच्या मुलाच्या वयाचा, हसत म्हणाला, "तुम्हाला हवं तसं करा, तोफराव."

हवं तसं! म्हणजे पहिली खेप रिकामी. तोफरावांनी ठरवलं, ताकद राखून ठेवायची, आधी कान लावायचा. मुलाचं काम करणारा पोरगा दारातून बाहेर गेला. दांडा फिरायला लागला. तोफरावांनी मान किंचित वळवली आणि कान टवकारला. खडखड. खडखड. कोरडा ठणठणीत आवाज. पुन्हा ऐकलं. तोच. हळूहळू त्यांच्या जबड्यातली ताकद गेली, हात मांडीवरून घसरला. फसवलं. याही वेळी फसवलं. ते काही करेनात. नुसते बसून राहिले.

"झालं!" दिग्दर्शक ओरडला. "चला, पुढचं लावा."

"झालं कसं? मी अजून काही केलंच नाही!"

"पुरे झालं, तोफराव."

"रिकामं मशीन फिरवून म्हाताऱ्याची थट्टा करता?" तोफरावांनी मिशी उपटून टेबलावर आपटली आणि ते चालते झाले. मिशीबरोबर थोडी कातडीही आली.

चित्र लागलं तेव्हा बायकोनं त्यांना जवळजवळ ओढतच नेलं. बाप खुर्चीत बसला होता. पडदाभर चेहरा. मान किंचित वळवून तो ऐकत होता, निघून गेलेल्या मुलाची पावलं ऐकत होता. अजून ऐकत होता. मग त्याला कळलं की आता ऐकायला काही उरलं नाही. हात मांडीवरून घसरला. पडद्यापुढे बसून पियानोची साथ करणारी बाई वाजवायची थांबली. पुढच्या रांगेत कुणीतरी नाक ओढलं.

"हा चेहरा मी ओळखते," बायको हळूच म्हणाली.

"कुठला गं?"

"मला यायला उशीर झाला, की दार उघडताना असतो ना तुमचा, तो."

दुसऱ्या दिवशी तोफरावांनी कॅमेरावाल्याला गाठलं. "आत फिल्म होती?"

"होती."

"मग आवाज कोरडा का?"

"मशीन नवीन होतं," तो म्हणाला, आणि तोफरावांना फिल्मचं खरं सांगायचं नाही, ही दिग्दर्शकाची ताकीद त्याला आठवली असावी. कारण त्यानंतर सात वर्षं, अठरा बापांची कामं झाली, आणि प्रत्येक वेळी तोफरावांनी विचारलं, "आत फिल्म आहे ना?" त्यावर उत्तर एकच: "बघू, तोफराव." त्या "बघू"वर त्यांची सगळी कामं उभी राहिली. लोक म्हणायचे, काय ऐकतो हा माणूस! आणि ते खरोखरच ऐकत असायचे.

मग बोलपट आला. दांड्याचा आवाज बोलण्यात मिसळू नये म्हणून कॅमेरा जाड गाद्यांच्या खोलीत कोंडला. तोफराव खुर्चीत बसले, मान वळवली, कान लावला. काही नाही. खडखड नाही की खुडखुड नाही. त्यांचा चेहरा कोरा पडला. शेवटी बसक्या घशानं त्यांनी विचारलं, "आत फिल्म आहे ना?"

"थांबवा!" दिग्दर्शक म्हणाला. हे त्यांचं शेवटचं काम ठरलं.

जाताना आवाजवाल्यानं त्यांना आणि बायकोला आपल्या खोलीत बोलावलं. "तेवढं आलंय बघा," म्हणत त्यानं तो तुकडा लावला. भोंग्यातून एक फाटका आवाज निघाला: आत फिल्म आहे... तीस वर्षं दुमदुमलेल्या त्या आवाजाचा जगात एवढाच पुरावा उरला. तोफरावांनी तो तीनदा लावायला लावला.

"शेवटचा 'ना' खाल्लात," बायको म्हणाली. "आयुष्यभर वाक्याचं शेपूट खात आलात."

तोफरावांनी भोंग्याकडे पाहिलं, आवाजवाल्याकडे पाहिलं, मग तिच्या कानाशी वाकले.

"मी नाही खाल्ला," ते म्हणाले. "यांनी कापला."