एक काटा जास्त

संग्रहालयात तीस वर्षं माशांच्या बरण्या सांभाळणाऱ्या बाईंना सगळे बरणीताई म्हणत. प्रवाळातल्या एका बोटभर माशाच्या पाठीवर त्यांना नेहमीपेक्षा एक काटा जास्त दिसला. मत्स्यतज्ज्ञ साहेबांनी ते हसण्यावारी नेलं, पण ताईंनी पिच्छा सोडला नाही. शेवटी साहेबांनी भिंगाखाली काटे मोजले आणि पुन्हा एकदा मोजले. जात नवी होती.

"तुमचंच नाव देऊ या," ते म्हणाले.

"माझं नको. हा मासा आणणारा पाणबुड्या पुढच्याच खेपेला बुडाला. त्याचं द्या."

नाव छापून आल्यावर ताई तो कागद त्याच्या आईकडे घेऊन गेल्या. म्हातारीनं लेकाच्या नावावरून कितीतरी वेळ बोट फिरवलं.

"असे मासे अजून आहेत तिथं?" तिनं विचारलं.

"आहेत," ताई म्हणाल्या.