बशीतला स्वच्छ गोल

"मग आण ना ती बाटली! दादाचा पाय सडतोय आणि तुझं आपलं एकच, नाही म्हणजे नाही!" नणंद तावातावानं म्हणाली. "बावीस वर्षं त्या प्रयोगशाळेत बश्या घासतेस. थेंबभर औषध उचलता येत नाही?"

"उचलायचा प्रश्न नाहीये, ताई."

"मग कसला आहे? जंतू मेल्याचा फोटो आम्हालाच दाखवलास ना?"

दाखवला होता. तीच चूक झाली. नवऱ्याच्या जखमेतले जंतू कुठल्याच औषधाला दाद देईनात, तेव्हा तिनं प्रयोगशाळेतल्या सरांच्या मागे लागून त्या जंतूंवर तिथलं नवं औषध, एक पेप्टाइड, घालून बघायला लावलं. दुसऱ्या दिवशी बशीभर वाढलेल्या जंतूंच्या सायीत एक स्वच्छ गोल उमटला. धावतपळत घरी येऊन तिनं त्याचा फोटो मिरवला. "जंतूला चिकटतं, त्याच्या पापुद्र्याला भोकं पाडतं. आतलं सगळं बाहेर!" त्या संध्याकाळी नवऱ्यानं लंगडत जाऊन शिलाई मशीनवरची धूळ पुसली होती. पायानं चालवायचं मशीन.

दुसऱ्या नळीबद्दल मात्र ती घरी बोलली नाही. सरांनी तेवढ्याच औषधात माणसाचं रक्त घातलं होतं. पेशी तळाशी बसून वरचं पाणी नितळ राहायला हवं होतं, ते लालभडक झालं.

"वरून चोपड की मग," सासूबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या.

"जंतू हाडात शिरलेत, आई. पुवातच औषधाचे तुकडे होतात, खालपर्यंत पोचतच नाही."

"हिला सगळ्यालाच नाही म्हणायचंय!" नणंद उसळली.

स्टुलावर पाय ठेवून बसलेल्या नवऱ्यानं हात वर केला. "थांब गं." मग बायकोकडे वळून म्हणाला, "सुईनं टोचलं तर?"

तिला खोटं सुचेना. "जंतू मरतील तेवढं दिलं, तर तुमच्या रक्तातल्या पेशीही फुटतील. मी बघितलंय."

"म्हणजे चोराबरोबर घरधन्यालाही झोडपतंय." तो हसला. "आधी का नाही बोललीस?"

"तुम्ही मशीन पुसत होतात."

त्यानं पायाची पट्टी चाचपली. विष वर चढायच्या आत काय ते ठरवा, असं डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं.

"सोमवारी गुडघ्याखालून पाय काढायचा," तो म्हणाला. "सकाळी सातला गाडी सांगून ठेवा."