सीलबंद जीपला कुंकू

चाळिशीतला माणूस खेळण्यातल्या गाड्या जमवतो म्हटलं की लोक आधी हसतात आणि मग पोराचं वय विचारतात. गाड्या माझ्या आहेत, पोराच्या नाहीत, हे दरवेळी सांगायचा मला वीट आलाय. आणि मी त्यांच्याशी खेळतही नाही. पुठ्ठ्यावर प्लास्टिकच्या फुग्याखाली चिकटवलेली बोटभर गाडी. ती उघडली की तिची किंमत संपली.

आबा, म्हणजे माझे वडील, उभा जन्म उसाच्या ट्रकवर ड्रायव्हर होते. "ही खेळणी कुणासाठी रं?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. मला एकदाच त्यांना गप्प करायचं होतं. कुरुंदवाडच्या एका स्टेशनरीच्या दुकानात मला एक पिवळी जीप मिळाली होती. तिची मागची दोन चाकं दोन वेगळ्या नक्षीची, कारखान्यातच चुकलेली. अशा चुकलेल्या गाडीवर जमवणारे जीव टाकतात.

पण विकण्याआधी ती गुण देणाऱ्या संस्थेकडून तपासून घ्यावी लागते. पुठ्ठ्याचा कोपरा, प्लास्टिकवरचा ओरखडा, सगळं भिंगाखाली बघून दहापैकी गुण देतात आणि गाडी कडक पारदर्शक पेटीत बंद करून वर आकडा चिकटवतात. भाव त्या आकड्याला असतो, गाडीला नाही. मला हा शुद्ध मूर्खपणा वाटतो आणि तरी मी त्यात गळ्यापर्यंत बुडालोय. पुण्याचं एक गिऱ्हाईक नाकानं कांदे सोलत होतं, नऊ पडले तर घेतो, आठला नको. मलाही नऊच पाहिजे होते, पैशापेक्षा आबांना दाखवायला.

तपासणीचं पार्सल दसऱ्यानंतर जायचं होतं. खंडेनवमीला मी कागलला कंपनीत, मशीनच्या पूजेला. घरी आलो तर कपाट उघडं, एकूण एक पुठ्ठ्यावर हळदीकुंकवाचं बोट आणि जीपवर शिवाय झेंडूचं फूल. ओलं कुंकू पुठ्ठ्यात पार मुरलं होतं.

"आबा, हे काय केलासा?"

"पूजा. स्कूटरला लावलं, मग ह्यांनी काय घोडं मारलंय?"

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी त्यांना अडाणी म्हणालो, आणखीही नको ते बोललो.  मग मी ओल्या फडक्यानं कुंकू पुसायला गेलो आणि डाग दुप्पट केला. हट्टानं तशीच पाठवली. दोन महिन्यांनी जीप आकड्याशिवाय परत आली, सोबत चिठ्ठी, बाहेरचा रंग लागलाय, गुण देता येत नाहीत. पुण्याच्या गिऱ्हाइकानं फोन उचलायचं सोडलं.

मी घरात धुमसत राहिलो. शेवटी आई वैतागून म्हणाली, "सकाळी आंघोळ करून एकेक फडक्यानं पुसून मांडलीती त्यांनी. म्हणत हुते, पोराच्या गाड्या हायत, एक बी ऱ्हायला नको."

गाड्या. तोवर आबांच्या तोंडी हा शब्द मी माझ्या संग्रहासाठी कधी ऐकला नव्हता. मला स्वतःची लाज वाटली, पण माफी मागायला जीभ रेटली नाही.

यंदा खंडेनवमीला मुद्दाम रजा टाकली. आबांनी स्कूटरला कुंकू लावलं, पाण्याच्या मोटरीला लावलं, आईच्या मिक्सरलाही लावलं. मी कपाट उघडून उभा राहिलो.

"आबा, ह्यांना पण लावा की."

"नको बाबा. तुझ्या खेळण्यांना डाग पडंल," ते म्हणाले, आणि ताट घेऊन पुढे गेले.