‘उड्डाण’चा साडेतीन फुटी लाल पट्टा

भोपाळला जायचं ठरलं ते एक माफी मागायला. माफी माझी नव्हती, बापूमामाची होती.

"चौकातल्या शिल्पाचा रंग सोमवारी खरवडणार आहेत," तो फोनवर म्हणाला. "त्याच्या आत मला रशीदसाहेबांना भेटायचंय. एकट्याने तोंड उघडणार नाही. तू पेपरात होतीस, तुला लोकांशी बोलायची आदत आहे. ये."

मामा मूळचा नागपूरचा. भोपाळच्या एका सरकारी कारखान्याच्या टाउनशिपमध्ये देखभाल विभागात सुपरवायझर म्हणून त्याने नोकरी काढली आणि निवृत्तीनंतर तिथेच राहिला. मी शनिवारची गाडी धरली. नागपूरहून जाणार असाल तर सकाळची गाडी घ्या, दुपारी पोचता. उतरायचं राणी कमलापती स्टेशनवर, पण रिक्षावाल्याला ‘हबीबगंज’ हे जुनं नाव सांगितलेलंही चालतं. मामासुद्धा अजून तेच म्हणतो.

टाउनशिप आली हे कमान दिसण्याआधीच कळतं. झाडांच्या बुंध्यांना खाली गेरू आणि वर चुन्याची पट्टी. सगळी झाडं एकाच शाळेतली वाटतात. चौकात वळलो आणि ‘उड्डाण’ दिसलं. कारखान्याच्या भंगारातून उभा केलेला पोलादी पक्षी, दोन पुरुष उंच. शहराच्या प्रत्येक माहितीपत्रकावर याचा फोटो असतो, नुकतीच लग्न झालेली जोडपी इथे येऊन फोटो काढतात. पक्ष्याच्या पायांना खाली लाल, वर पांढरा पट्टा आहे. माहितीपत्रकात लिहिलंय, ‘लाल पट्टा ही मातीची ओढ, पांढरी रेघ हे क्षितिज.’

"मातीची ओढ कसली," मामा म्हणाला. "तो मीच मारून घेतला."

हकिकत अशी. शिल्पाचं उद्घाटन झालं त्याच आठवड्यात दिल्लीहून मंत्री यायचे होते. आदेश निघाला, चौकातल्या सर्व बुंध्यांना साडेतीन फुटांपर्यंत रंग. रंगारी रामदीन शिल्पापाशी अडला. "साहब, ये भी पेड़ है क्या?" मामा सायकलवर होता आणि अजून अकरा चौक बाकी होते. तो न उतरताच म्हणाला, "खड़ा है ना? तो रंग दो." पोलादावर गेरू धरत नाही म्हणून रामदीनने इमानदारीने रेड ऑक्साइड लावलं.

"मग दुसऱ्या वर्षी पुसायचं की!" मी म्हटलं.

"कसं पुसणार? दुसऱ्या वर्षीची यादी ‘मागील वर्षीप्रमाणे’ निघाली." यादीत एकदा आलेली वस्तू तिथे निवृत्त होत नाही. माणसं होतात.

शिल्पकार रशीदसाहेबांनी कधी तक्रार केली नाही. त्यामुळेच मामाला जास्त लागलं. ते बाजारात दिसले की हा चाळीस वर्षं गल्ली बदलत आला. "नाहक माझी भाजी राहायची," मामी म्हणाली.

रविवारी सकाळी पोहे-जिलबी खाऊन निघालो. पोह्यांवर शेव आणि जिरावण मसाला मागून घ्या, ते खरे तिथले पोहे. जुन्या शहरात गल्ल्या अरुंद आहेत, रिक्षा बाहेरच सोडा आणि चाला. रशीदसाहेब अंगणातच बसले होते. मामाला पाहून ते चटकन उठले आणि घरात जायला निघाले.

"को खां, भाग कहाँ रहे हो?" आतून त्यांच्या बेगमसाहेबांचा अस्सल भोपाळी आवाज आला. "बैठो!"

बसले. चिमूटभर मीठ घातलेला सुलेमानी चहा आला. पहिल्या घोटाला विचित्र लागतो, तिसऱ्याला दुसरा कप मागावासा वाटतो. मामाने कप न उचलता सगळं एका दमात सांगून टाकलं. रामदीन, सायकल, अकरा चौक, सगळं. "आपकी कला बिगाड़ दी मैंने. माफ कर दो."

रशीदसाहेब खालच्या आवाजात म्हणाले, "मियां, मैं तो समझता था तुमने मुझे बचाया है."

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी त्यांच्याकडचं पोलाद संपलं होतं. पक्ष्याचा डावा पाय अर्धा राहिला होता. समोर सायकल स्टँड होता आणि तिथे एक जाड पत्र्याची पाटी. त्यांनी ती उपटली, वाकवली, जोडली. अक्षरं बाहेरच्या बाजूला आली. घाईत वरून लावलेला काळा रंग दोन दिवसांत उडायला लागला, आणि तेवढ्यात रामदीन बादली घेऊन आला.

"कौनसी पाटी?" मामाचा आवाज बदलला होता.

"यहाँ साइकिल खड़ी करना मना है."

मामा ताडकन उभा राहिला. "वो बोर्ड आपने लिया? उसके लिए मुझे मेमो मिला था! मेरी तरक्की दो साल रुकी!"

"मालूम है," रशीदसाहेब म्हणाले. "इसीलिए तो बाजार में गली बदल लेता था."

बेगमसाहेब इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. मी हसू दाबून मामाकडे पाहत होते. रंग निघाला की शिल्पकाराची आयुष्यभराची अब्रू सायकल स्टँडवर येणार होती, आणि मामाने नुसतं घरी बसून राहायचं होतं. तो चहा पीत बसला. कप रिकामा करून म्हणाला, "कागज है?"

सोमवारी देखभाल विभागात आम्ही खरवडणाऱ्या मजुरांच्या आधी पोचलो. मामाचा अर्ज एका ओळीचा होता: शिल्प के पैरों का रंगकाम पिछले वर्ष की भाँति किया जाए. तरुण अधिकाऱ्याने तो दोनदा वाचला. "अंकल, इस पर तो मैं ना भी नहीं कह सकता," म्हणत त्याने सही केली.

निघताना रशीदसाहेबांना विचारलं, हे लिहू का? "मराठी में लिखिए. नाम बदल दीजिए," ते म्हणाले. तसं केलंय, शिल्पाचंही.

नागपूरला परतून महिना झाला. एरवी प्रवासाहून आलं की वह्या, तिकिटं, फोटो उरतात. या वेळी मामीचे फोन उरलेत. मामा आता रोज सकाळी रशीदसाहेबांना भेटायला चौकात जातो म्हणे. जाताना सायकल नेतो, आणि ती पक्ष्याच्या डाव्या पायालाच टेकवून उभी करतो.