मालकांचा हात मोजला नाही

आटपाडीकडचा आमचा मुलूख तेव्हा औंध संस्थानात होता. बाकी देशात इंग्रजांचं राज्य चालू असताना राजेसाहेबांनी गावांचा कारभार गावांच्या हाती सोपवला. पंच गावानं निवडायचे, तंटे गावानं मिटवायचे, रस्त्यापाण्याचंही गावानंच ठरवायचं. अट एकच होती. ज्याला लिहितावाचता येतं त्याचंच मत धरायचं, मग ती बाई असो की बापई.

माझं लग्न झालं आणि वर्षाच्या आत मालक लष्कराच्या फलटणीत भरती झाले. लढाई लागलेली होती. त्यांची पत्रं यायची ती कुणा दोस्ताच्या हातानं लिहिलेली. ती वाचून घ्यायला सासूबाई शाळामास्तरांच्या दारात जाऊन बसायच्या. मास्तर परगावी असले की पत्र तसंच कोनाड्यात पडून राहायचं. म्हणून मास्तरांनी देवळात दुपारचा बायकांचा वर्ग काढला तेव्हा सासूबाईंनीच मला पुढं ढकललं.

"जा, शीक. पोरानं काय लिवलंय त्ये घरातल्या घरात कळंल तरी."

मताचं कुणाच्या डोक्यात नव्हतं. पण पुढच्या सभेआधी मास्तरांनी आमची परीक्षा घेतली आणि चार ओळी वाचून, नाव लिहून दाखवणाऱ्या बायकांना मत मिळालं. पहिल्या सभेत मी पदर तोंडाशी धरून हात वर केला. तो इतका खाली होता की मोजणाऱ्यानं विचारलं, "वैनी, हात वर हाय का पदर सारका करताय?" सगळे हसले. मग मी हात नीट वर केला.

लढाई संपली आणि मालक हवालदार होऊन परत आले. गावात त्यांचा मान वाढला होता. त्याच उन्हाळ्यात सभेपुढं विहिरीचा प्रश्न आला. गावाला एकच विहीर खणणं झेपणार होतं. ती वेशीजवळ खणायची की ओढ्यापलीकडं मेंढपाळांच्या वस्तीवर? गावात निदान एक जुनी विहीर होती. वस्तीवरच्या बायका माणगंगेच्या कोरड्या पात्रात झरे उकरून पाणी भरायच्या.

मालकांनी वेशीच्या बाजूनं हात वर केला. सरपंच म्हणाले, "हवालदार, तुमचा हात मोजता यायचा न्हाई. तुमची परीक्षा झाली न्हाई."

"मला लिवता येतंय की!"

ते खोटं नव्हतं. फलटणीत त्यांना इंग्रजी अक्षरांत हिंदुस्थानी लिहायला शिकवलं होतं. त्यांनी काडी घेतली आणि धुळीत आपलं नाव लिहिलं. सगळी सभा वाकून बघू लागली. नाव बरोबर आहे, असं मास्तरांनी सांगितलं. पण एक म्हातारे पंच म्हणाले, "आमाला वाचाय येतंय व्हय त्ये? मराठीत लिवा." त्यावर एवढा वाद झाला की विहिरीचा निर्णयही पुढच्या सभेवर गेला. मालकांनी मराठी अक्षरं शिकून यावं, असं ठरलं.

घरी आल्यावर ते आईला म्हणाले, "समिंदरापार लढून आलो, आन् गावात माझा हात मोजत न्हाईत. हिचा मोजत्यात!" त्या दिवशी ते जेवले नाहीत. मला वाईट वाटलं आणि, खरं सांगायचं तर, थोडं बरंही वाटलं.

काही दिवसांनी बैलांना वैरण टाकताना, माझ्याकडं न बघता त्यांनी विचारलं, "तुजी ती पाटी कुटं हाय?"

रोज सकाळी गोठ्यात मी त्यांना शिकवू लागले. अक्षरं झटकन आली, पण काने-मात्रे-वेलांट्या विसरायचे.

"फलटनीत ह्या भानगडी न्हवत्या."

"आपल्या गावात हायत," मी म्हणाले. तेव्हा ते सभेनंतर पहिल्यांदा हसले.

पुढच्या सभेत त्यांनी वाचून दाखवलं, लिहून दाखवलं. मत मिळालं. विहिरीचा विषय निघताच त्यांनी वेशीसाठी हात वर केला. मग वस्तीसाठी हात मागितले, तेव्हा मी वर केला. मालकांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. माझं मत काय, ते त्यांनी विचारलं नव्हतं आणि मीही सांगितलं नव्हतं. थोड्या हातांच्या फरकानं वस्तीची बाजू जिंकली.

वाटेत ते म्हणाले, "शिकवलंस तूच, आन् हात माझ्याइरुद्द?"

"आवं, उन्हाळ्यात आपली हीर आटली की मी बी झऱ्यावर जाती. त्या बाया तान्ही पोरं घिऊन आल्याल्या असत्यात. आपल्याला दोन म्हैनं, त्यास्नी बारा म्हैनं."

खणायला घरटी एक माणूस द्यायचं ठरलं होतं. मला वाटलं, हे जाणार नाहीत. पण काम सुरू झालं त्या सकाळी त्यांनी कुदळ खांद्यावर टाकली. चावडीवर बसलेला त्यांचा एक दोस्त ओरडला, "हारलास की रं गड्या! मग कशाला चाललाईस?"

"हारलो म्हून काय झालं? सभंत हात वर केला न्हवं? मग ठरलं त्ये आपलंच."

दोस्त थोडा वेळ बसून राहिला आणि मग मागोमाग आला. हरलेल्या बाजूचे काहीजण शेवटपर्यंत आले नाहीत, हेही सांगायला हवं. पाणी लागलं, फार नाही, पण वस्तीपुरतं.

पुढं संस्थान विलीन झालं आणि निरक्षरांनाही मत मिळालं. ते योग्यच झालं. ज्या बायकांसाठी आम्ही भांडलो त्यांना स्वतःला त्या सभेत हात वर करता आला नव्हता. त्या काळाचं कौतुक करताना हे विसरून चालत नाही.

हे सगळं मी नातसुनेला सांगितलं त्याला कारण घडलं. ती ग्रामपंचायतीवर निवडून आली, पण बैठकीला नातू जायचा आणि ही घरी बसून सह्या करायची.

"आजी, तवाचं येगळं हुतं," ती म्हणाली.

"व्हय, येगळंच हुतं. मला तर आदी सही बी येत न्हवती. तुला समदं येतंय."

पुढच्या बैठकीला ती स्वतः गेली आणि नातू घरी थांबला. शाळेतल्या मुलींच्या संडासाला कुलूप का, असं तिनं विचारलं. "बघू," असं उत्तर मिळालं. त्याच्या पुढच्या बैठकीत तिनं पुन्हा विचारलं. आता कुलूप निघालंय, पण आत पाणी नाही. तेवढ्यासाठी ती या वेळी आणखी दोघीतिघींना बरोबर घेऊन जाणार आहे.