रोटाच्या दिवशीचा डाव

शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याला आमची थोडी बरड जमीन आहे. वडिलांनी ती कधी नांगरली नाही, म्हणून तिथे साग, पळस, अंजन असं रान माजलं. लॉकडाउनच्या वर्षी मी आणि माझा धाकटा भाऊ दोघेही गावात अडकलो. तो पुण्याच्या कंपनीतला, मी जळगावची शिक्षिका. घरात बसून एकमेकांचा जीव खाण्यापेक्षा आम्ही त्या रानात डिस्क गोल्फ सुरू केलं. हे खूळ त्याने कंपनीतून आणलेलं.

खेळ सोपा आहे. ताटलीएवढी प्लास्टिकची चकती झाडांमधून फेकायची, पडेल तिथून पुन्हा फेकायची आणि शेवटी टोपलीत पाडायची. ज्याला कमी फेकी लागतील तो जिंकला. खऱ्या टोपलीला लोखंडी साखळ्या असतात म्हणे. आम्ही केळीचे रिकामे कॅरेट झाडांना बांधले आणि त्यांच्यावर ठिबकच्या जुन्या नळ्यांचे तुकडे लोंबते सोडले. चकती नळ्यांवर आदळायची आणि खाली कॅरेटमध्ये पडायची. गावाने आम्हाला वेड्यात काढलं. काढू दे. त्या रानात भाऊ माझ्याशी जितका भांडला, तितका लहानपणीही भांडला नसेल. चकती सागाला थडकून माघारी आली तरी सोडायचा नाही. "तीबी मोज, अक्का," म्हणायचा. मला तेच आवडायचं.

पुढे तो पुण्याला गेला आणि फोन कमी होत होत बंदच पडले. यंदा श्रावणात अचानक त्याचा फोन आला. "अक्का, कानबाईले ये. आपण खेळसूत."

कानबाई म्हणजे आमच्याकडची घरची देवी. तिच्यासाठी पांगलेले भाऊबंद गावात गोळा होतात. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढायचे, त्यांचे रोट करायचे आणि ते फक्त घरच्यांनी खायचे. लग्न झालेली लेक परक्या कुळाची, तिला रोट चालत नाही. मी कणीक मळते, रोट भाजते, आणि जेवायला बसले की आई माझ्या ताटात वेगळी पोळी वाढते. भावाचा मुलगा अजून रांगतो, पण त्याची मूठ पडते. माझी पडत नाही. कितीही शिकले तरी हे मला दरवर्षी झोंबतं, आणि तरी मी दरवर्षी जाते. यंदा तर हौसेने गेले, कारण भावाने खेळायला बोलावलं होतं.

सकाळीच आम्ही रानात गेलो. कॅरेटांचा रंग उडाला होता, एका नळीत मुंग्यांनी घर केलं होतं. माझी पहिलीच चकती पळसात अडकली. भाऊ म्हणाला, "ऱ्हाऊ दे, अक्का. परत टाक." मी त्याच्याकडे बघतच राहिले. पुढे नाल्यात गेलेली फेकही त्याने मोजली नाही. स्वतः मात्र टोपलीसमोर उभं राहून चुकला. मी जिंकत होते आणि मला मुळीच मजा येत नव्हती. ज्या भावाशी भांडायला मी एवढ्या लांब आले होते, तो भाऊ आलाच नव्हता.

शेवटची टोपली मोहाच्या झाडाला आहे. तिथे तो बोलला. "हाई रान सोलरवालासले देनं शे. मायनी सही व्हई गयी, मनी बी. तुनीच बाकी शे."

"आणि झाडं?" मी विचारलं.

"झाडं तं तोडनी पडतीन."

मी चकती फेकली नाही. पिशवीत घातली आणि घरी चालू लागले. वडील गेल्यावर उताऱ्यावर माझंही नाव लागलं होतं, ते मी विसरले होते. तो विसरला नव्हता. खेळ, फोन, ते 'परत टाक', सगळं सहीसाठी. संताप आला आणि त्याहून जास्त लाज वाटली, कारण येताना मी त्याच्यासाठी नवी चकती आणली होती.

दुपारी पंगत बसली. आईने नेहमीसारखी माझी पोळी वाढली. मी भावाला म्हटलं, "सहीला मी घरची ना? मग मला रोट वाढ."

मला वाटलं, तो गप्प बसेल. आईकडे बघेल, देवीचं नाव काढेल. निदान चिडेल तरी. लहानपणी रोटाचा चतकोर मांजरीने पळवला तर हा देवी कोपेल म्हणून रडला होता. पण माझं बोलणं संपायच्या आत त्याने आपल्या ताटातला रोट मोडला आणि अर्धा माझ्या ताटात ठेवला. आईचा हात वाढता वाढता थांबला.

"खाय, अक्का," तो म्हणाला.

इतकी वर्षं मला वाटायचं, मधे देवी उभी आहे. ती इतक्या पटकन बाजूला होते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मी तो तुकडा उचलून त्याच्या ताटात परत ठेवला आणि माझी पोळी खाल्ली. संध्याकाळच्या एसटीने जळगावला आले. नवी चकती पिशवीतच राहिली. सही मी केलेली नाही. त्यानंतर भावाचे फोन रोज येतात, आणि खेळाचं नाव त्यात एकदाही निघत नाही.