हमीपत्रातील पाचवी बाब

रजिस्ट्रार कचेरीच्या भिंतीलगत टेबल मांडून मी तीस वर्षे लोकांचे अर्ज लिहीत आलो आहे. शिक्षण आठवीपर्यंतचे, परंतु तमिळ, इंग्रजी किंवा मराठी, कोणत्याही भाषेतील माझा अर्ज मजकुराच्या दोषापायी परत आल्याचे मला स्मरत नाही. त्यामुळे वेस्ट मांबलममधील आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहणारा नागपूरकडचा संगणक अभियंता वर्षभरासाठी जर्मनीस निघाला, तेव्हा घराची किल्ली त्याने माझ्याच स्वाधीन करावी, यात मला नवल वाटले नाही.

किल्लीहून मोठी जबाबदारी त्याच्या दिवाणखान्यात होती: खाऱ्या पाण्याची, चार फूट लांबीची काचेची टाकी. तीत सच्छिद्र दगडांची रास, दोन पट्टेरी नारिंगी मासे आणि दगडांवर वाढविलेली जिवंत प्रवाळे होती. त्यांपैकी हिरव्या बटणांसारख्या प्रवाळाचा ताटवा त्याने नखाएवढ्या तुकड्यापासून चार वर्षांत तळहाताएवढा केला होता.

"काका, बाकीचं गेलं तरी चालेल. हा तेवढा जपा," तो म्हणाला.

तोंडी आश्वासन मी कोणास देत नाही. स्टँप पेपरावर हमीपत्र लिहिले, टाकीतील प्रत्येक जीव क्रमांकाने नोंदविला, 'आहे त्या स्थितीत परत करीन' असे कलम घातले आणि सही केली. हिरवा ताटवा पाचव्या क्रमांकावर होता.

"काका, मासे कोर्टात जात नाहीत," तो हसून म्हणाला.

"माणसे जातात," मी सांगितले.

नऊ महिने सर्व यथास्थित चालले. सकाळी कचेरीत जाण्यापूर्वी आणि संध्याकाळी परतल्यावर मी वर जाई, पाण्याचा खारटपणा तपाशी, माशांना खाऊ घाली. मग एके सकाळी ताटव्याशेजारी एक तपकिरी, काचेसारखे आरपार दिसणारे फूल डुलताना आढळले. लांब, बारीक पाकळ्या होत्या. बोट नेताच ते दगडाच्या छिद्रात ओढले जाई. चार दिवसांत त्याच्या बाजूची हिरवी बटणे मिटली आणि पुन्हा उघडली नाहीत. यादीत नसलेला इसम जागेत शिरून मूळ रहिवाशांना डंख मारीत होता, हे मी ओळखले.

माझ्या व्यवसायात चुकलेले अक्षर खोडीत नाहीत. अर्ध्या ब्लेडने ते अलगद खरवडावे, कागद नखाने घोटावा आणि त्यावर नवे अक्षर लिहावे. पाहणाऱ्यास शंकाही येऊ नये. या कामात माझा हात धरणारा त्या भिंतीलगत दुसरा कोणी नव्हता. तेच ब्लेड मी टाकीत घातले आणि ते फूल दगडावरून मुळासकट खरवडले. त्याचा भुगा पाण्यात विरून गेला. मी समाधानाने हात पुसले.

पंधरा दिवसांत तशी वीसहून अधिक पिल्ले दगडांवर, काचेवर, पंपाच्या जाळीवरही उभी राहिली. निम्मा ताटवा पांढुरका पडला. माझी पत्नी तंजावरकडची. बोलण्यात ती उधार ठेवत नाही. टाकीपाशी उभी राहून तिने विचारले, "खरवडलंत की पेरलंत?"

"उपाय चालू आहे."

"त्या मुलाला फोन करा की. पोंगलला येतोय तो."

फोन मी केला नाही. प्रतिकूल वृत्त कळवायचे तर त्यासोबत उपायही कळवावा, ही माझी पद्धत आहे. मी स्टेशनजवळच्या ब्राउझिंग सेंटरमध्ये गेलो आणि त्या जीवाचे यथार्थ वर्णन तिथल्या मुलीस सांगितले. तिने शोधून चित्र दाखविले, तोच तो. छापून घेतलेले पान मी तिथेच बाकावर बसून वाचले. पहिलेच वाक्य माझ्याविरुद्ध होते: हा जीव कधीही खरवडू नये, कारण सुटलेल्या प्रत्येक कणापासून नवा उभा राहतो. उपाय खाली होता. विरलेल्या चुन्याची दाट लापशी करून ती सिरिंजने त्याच्या तोंडावर घालावी. एका दिवशी तीन-चारच, अन्यथा पाणी बिघडते.

चुना माझ्या विड्याच्या डब्यातच होता. विड्यासाठी मी गुलाबी, सुवासिक चुना वापरत नाही. साधा पांढराच वापरतो. त्या आवडीचा असा उपयोग होईल, असे कधी वाटले नव्हते. पत्नीने एवढेच बजावले, "विड्यापुरता सुण्णांबु ठेवा हं."

मग रोज सकाळी पंप बंद करून, पाणी स्थिर होऊ देऊन, मी सिरिंजची सुई त्या फुलाजवळ नेई. मात्र स्पर्श होऊ देत नसे. चुन्याचा थेंब तोंडावर पडला की ते खाद्य समजून गिळी आणि मिटे. दुसऱ्या दिवशी तिथे पांढरा डाग तेवढा उरे. लेखणी धरलेल्या हातास थरथर ठाऊक नसते. पोंगलआधीच्या मार्गळी महिन्यातील सकाळी, खाली दारापुढे कोलमची रांगोळी घालणाऱ्या बायकांचे बोलणे ऐकत, मी एकेक प्रकरण निकाली काढले. पोंगलपूर्वी टाकी स्वच्छ झाली. निम्मा ताटवा तगला, निम्मा गेला.

अभियंता आला, तेव्हा मी हमीपत्र त्याच्या हाती दिले. पाचव्या बाबीसमोर शेरा लिहिला होता: 'निम्मे नष्ट. कारण, माझे ब्लेड.' इतका लहान मजकूर मी कोणासाठी लिहिला नव्हता, आणि त्याला इतका वेळही कधी लागला नव्हता.

त्याने तो वाचला. बराच वेळ तो काचेपाशी वाकून उरलेली बटणे पाहत राहिला. "चार वर्षं, काका," तो हळूच म्हणाला.

"होय," मी म्हणालो.

तो सरळ उभा राहून म्हणाला, "पहिल्या टाकीत मीही हेच केलं होतं. चिमट्याने उपटली. शेवटी सगळी टाकी रिकामी करावी लागली." तो कागद फाडू लागला, तसा मी त्याचा हात धरला.

"सही करा. शेऱ्याखाली."

त्याने सही केली. मग पुन्हा वाकून पंपाच्या मागे बोट दाखविले. तिथे हरभऱ्याएवढे एक तपकिरी फूल डुलत होते. तो कोपरा माझ्या नजरेतून सुटला होता.

"काका, चुना आहे?"

मी खिशातून चुन्याची डबी काढली आणि त्याला प्रथम पंप बंद करावयास सांगितले.